कीडनाशक पचवणारे जिवाणू आणि जैवखड्डा: सांगली जिल्ह्यातल्या बागायतदारांचे नेहमीचे प्रश्न

तासगाव, मिरज, कवठेमहांकाळची द्राक्षे, वाळवा-पलूसचा ऊस, आटपाडीचे डाळिंब. पिके वेगळी असली तरी बहुतेक ठिकाणी फवारणीची टाकी धुण्याची जागा एकच असते, विहिरीजवळ किंवा बोअरच्या तोंडाशी. खालचे बरेचसे प्रश्न त्या जागेवरच येऊन थांबतात.

जिवाणू कीडनाशक खरेच खातात का?

काही जिवाणू खरेच खातात. १९७३ मध्ये फिलिपिन्समधल्या भातखाचरातून फ्लॅवोबॅक्टेरियम नावाचा जिवाणू वेगळा काढला गेला. तो डायझिनॉन फोडत होता. त्याच्याकडे असलेले विकर (एन्झाइम) ऑरगॅनोफॉस्फेट गटातल्या औषधांचा फॉस्फरसजवळचा बंध पाण्याच्या साहाय्याने तोडते, आणि बंध तुटला की औषधाची विषारी ताकद बहुतांशी जाते. अ‍ॅट्राझिनवर वाढणारा स्यूडोमोनास एडीपी त्या तणनाशकातला नत्र स्वतःच्या वाढीसाठी वापरतो. लिंडेन फोडणारा स्फिंगोबियम इंडिकम तर भारतातल्याच मातीत सापडला.

मात्र सगळेच विघटन असे पोटासाठी होत नाही. अनेकदा जिवाणू दुसरेच काही खात असतात, आणि त्यांनी सोडलेल्या विकरांच्या तावडीत कीडनाशकही सापडते. काडी-पाचट कुजवणाऱ्या बुरशा याच पद्धतीने काम करतात. लिग्निन, म्हणजे काडीला ताठरपणा देणारा घटक, तोडण्यासाठी त्या जी विकरे सोडतात, ती फारशी निवडक नसतात, त्यामुळे शेजारचे औषधही तुटते. जैवखड्ड्यात, म्हणजे टाकी धुतलेले पाणी मुरवायच्या खड्ड्यात, पाचट घालतात ते याच कारणाने.

मग अशा जिवाणूंची बाटली आणून एकरात सोडली तर?

आधी हिशेब करा. एका एकरातली वरची १५ सेंटिमीटर माती सुमारे ८ लाख किलो भरते. बाटलीत मिलिलिटरला १० कोटी जिवाणू आहेत असे धरले, तर एका लिटरमध्ये १० हजार कोटी होतात. ते सगळ्या मातीत सारखे पसरले तर वाट्याला येतात ग्रॅममागे जेमतेम सव्वाशे. त्याच ग्रॅमभर मातीत आधीपासून कोट्यवधी जिवाणू राहत असतात. प्रयोगशाळेत जिथे असे जिवाणू सोडून चांगले निष्कर्ष मिळाले, तिथे ग्रॅममागे दहा लाख ते दहा कोटी सोडलेले असतात. शिवाय बाहेरून आलेल्या जिवाणूला मातीतले आदिजीव खातात, ऊन लागते, जागा मिळत नाही.

म्हणून ‘एकरी एक लिटर, रेसिड्यू (औषधाचा उरलेला अंश) शून्य’ असा दावा कोणी केला तर चार प्रश्न विचारा. कोणती जात आहे? ती कोणते औषध फोडते? कोणत्या सामूच्या (पीएचच्या) मातीत तपासली? आधीचा आणि नंतरचा प्रयोगशाळेचा अहवाल कुठे आहे? चारही उत्तरे मिळाली नाहीत तर पैसे घालवू नका. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. बर्कहोल्डेरिया सेपेशिया किंवा स्यूडोमोनास एरुजिनोसा यांसारखे काही विघटक जिवाणू अशक्त माणसाला आजारी पाडू शकतात. जात माहीत नसलेली बाटली हाताळणे त्या दृष्टीनेही बरे नाही.

मग जिवाणूंचा उपयोग नेमका कुठे होतो?

जिथे विष थोड्या जागेत, घट्ट आणि पुन्हा पुन्हा सांडते तिथे. युरोपात नद्या-ओढ्यांच्या पाण्यात सापडणाऱ्या कीडनाशकांचा माग काढला, तेव्हा अनेक ठिकाणी निम्म्याहून जास्त वाटा शेतातल्या फवारणीचा निघाला नाही. तो निघाला टाकी भरण्याच्या आणि धुण्याच्या जागेचा.

आपल्याकडचे उदाहरण घ्या. उसात मारायची ५० टक्क्यांची अ‍ॅट्राझिन पावडर मोजताना १० ग्रॅम खाली सांडली, म्हणजे ५ ग्रॅम मूळ रसायन गेले. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, अ‍ॅट्राझिनची मर्यादा लिटरला २ मायक्रोग्रॅम आहे. ५ ग्रॅम त्या मर्यादेपर्यंत पातळ करायला २५ लाख लिटर पाणी लागेल. ३० बाय ३० बाय ३ मीटरचे, उतरत्या बाजूंचे शेततळे काठोकाठ भरले तरी साधारण २२ लाख लिटरच मावते.

हे सांडणे तिथल्या तिथे अडवून, काही घनमीटर मिश्रणात धरून ठेवले, तर जिवाणूंना काम करायला वेळ आणि जागा दोन्ही मिळतात. आमच्या मते शेतकऱ्याच्या पातळीवर जिवाणूंचा सगळ्यात भरवशाचा उपयोग हाच.

जैवखड्डा म्हणजे काय?

टाकी धुतलेले पाणी मुरवण्यासाठी काडी, कंपोस्ट आणि माती यांच्या मिश्रणाने भरलेला खड्डा. ही पद्धत १९९० च्या दशकात स्वीडनमध्ये सुरू झाली आणि पुढे युरोपभर गेली. मूळ प्रमाण आकारमानाने काडी २ भाग, पीट (दलदलीतला अर्धवट कुजलेला वनस्पतींचा थर) १ भाग, माती १ भाग असे आहे. आपल्याकडे पीट सहज मिळत नाही. इंग्लंडमध्येही त्याऐवजी कंपोस्टच वापरतात.

प्रत्येक घटकाचे काम वेगळे आहे. काडी बुरशांना खाद्य पुरवते आणि मिश्रणात हवा खेळती ठेवते. कंपोस्ट औषध आणि ओल दोन्ही धरून ठेवते. मातीतून येतात जिवाणू.

खड्डा किती मोठा लागेल?

वर्षाला १,००० लिटर धुवणाला सुमारे १ घनमीटर मिश्रण, हा चांगला ठोकताळा आहे. ६०० लिटरचा ब्लोअर (ट्रॅक्टरवरचे फवारणी यंत्र), वर्षात ६० वेळा धुणे, दर वेळी ५० लिटर, म्हणजे ३,००० लिटर झाले. थोडी सूट ठेवून ३ मीटर लांब, २ मीटर रुंद आणि ८० सेंटिमीटर मिश्रणाचा खड्डा घ्या, ४.८ घनमीटर होतो. पाठीवरच्या पंपावर भागत असेल तर याच्या चौथाई पुरे.

बांधायचा कसा?

जागा विहीर, बोअर आणि ओढ्यापासून किमान ५० मीटर दूर आणि उंचवट्यावर घ्या. १ मीटर खोल खणा. युरोपात तळाला चिकणमातीचा थर देतात, पण आपली भारी काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि त्या भेगांतून पाणी थेट खाली जाते. म्हणून शेततळ्याचा ५०० मायक्रॉनचा कागद अंथरा. कागदाखाली दगड टोचू नयेत यासाठी ५ सेंटिमीटर बारीक मातीची गादी करा. कागदाच्या कडा जमिनीच्या वर १५ सेंटिमीटर काढून बांधावर दाबा, नाहीतर पावसात आजूबाजूचे पाणी आत येते.

तळाला १० सेंटिमीटर खडी. एका कोपऱ्यात खडीपर्यंत पोहोचणारा सहा इंची पाईप उभा करा आणि त्याच्या खालच्या टोकाला भोके पाडा. तळात किती पाणी साठले ते या पाईपात काठी घालून कळते, आणि जास्त झाले तर छोट्या पंपाने उचलताही येते. खडीवर शेडनेटचे दोन पदर, म्हणजे मिश्रण खडीत उतरत नाही.

मिश्रणासाठी पाचट ५ ते १० सेंटिमीटर लांबीचे तुकडे करून घ्या. गव्हाचे काड असेल तर उत्तम. वरच्या मापाच्या खड्ड्याला माती आणि चांगले कुजलेले कंपोस्ट किंवा शेणखत प्रत्येकी अर्ध्या ब्रासला (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) थोडे कमी लागते. पाचट दबते, त्यामुळे ते एक ब्रास धरा. माती पोयट्याची घ्या आणि तुमच्याच बागेतली वरची १५ सेंटिमीटर घ्या. ज्या मातीवर तीच औषधे वर्षानुवर्षे पडली आहेत, तिथले जिवाणू त्यांना सरावलेले असतात. कार्बोफ्युरान एकाच शेतात पुन्हा पुन्हा वापरले की लवकर निकामी होऊ लागते, हे अनेक देशांत दिसले आहे. पिकाला ती अडचण असते, खड्ड्याला तीच मदत होते. फक्त बोर्डो (मोरचूद-चुन्याचे मिश्रण) जास्त झालेल्या ओळीतली माती टाळा.

तिन्ही घटक बाहेर ढिगात मिसळा, ओले करा आणि ४ ते ६ आठवडे झाकून ठेवा. मधे एकदा उलथापालथ करा. ढीग थंड झाला आणि आत पांढरे धागे दिसू लागले की खड्ड्यात भरा. तुडवू नका. वर हरळी लावा. ती पाणी उडवते, आणि जिथे पिवळी पडेल तिथे ओल कमी आहे किंवा तणनाशक साचले आहे हे लगेच दिसते. ही हरळी जनावरांना कधीही घालू नये. भोवती कुंपण हवेच.

छप्पर आवश्यक आहे का?

हो, आणि खर्च वाचवायला लोक नेमके हेच सोडतात. ६०० मिलिमीटर पाऊस धरला तर ६ चौरस मीटरच्या उघड्या खड्ड्यात ३,६०० लिटर पाणी पडते, म्हणजे वर्षभराच्या धुवणापेक्षा जास्त. खड्ड्यातून दिवसाला सरासरी ३ मिलिमीटर उडून जाते असे मानले तर वर्षाची क्षमता साडेसहा हजार लिटरच्या आसपास येते. पावसाने ती निम्म्याहून अधिक खाल्ली तर सूट उरतच नाही. शिराळ्याकडे पाऊस याहून कितीतरी जास्त असतो, तिथे छपराशिवाय खड्डा करूच नये. पत्रा दीड-दोन मीटर उंच ठेवा आणि बाजू उघड्या, म्हणजे वारा लागतो.

ऑक्टोबर छाटणीनंतर रोज फवारणी असते. तेवढे पाणी झेपेल का?

सरळ सोडले तर झेपणार नाही. रोज ५० लिटर येते आणि सुमारे १८ लिटर उडते, म्हणजे दिवसाला ३२ लिटर साठत जाते. २५ दिवसांत ८०० लिटर. त्यासाठी धुण्याचा सिमेंटचा ओटा आणि खड्डा यांच्या मधे १,००० लिटरची टाकी ठेवा. पाणी आधी टाकीत घ्या, तिथून रोज २० ते २५ लिटर खड्ड्यात सोडा आणि उरलेले डिसेंबर-जानेवारीत संपवा.

पाणी एकाच जागी ओतले तर ते तिथून वाट करून थेट तळाला जाते. एक इंची पाईपला दर २० सेंटिमीटरवर ३ मिलिमीटरची भोके पाडून वर जाळे करा. ड्रिपर वापरू नका, मँकोझेब या बुरशीनाशकाच्या पावडरीने ते आठवड्यात बुजतात.

आणि मुळात धुवण कमी करा. टाकीत तळाशी १० लिटर द्रावण उरते असे धरा. त्यात एकदम ९० लिटर पाणी घातले तर ते दहापट पातळ होते. तेच ९० लिटर ३०-३० असे तीनदा घालून, दर वेळी बाहेर काढले तर शेवटी उरलेले द्रावण ६४ पट पातळ होते. पाणी तेवढेच. पहिली दोन धुवणे शेवटच्या ओळींवर फवारून टाका, खड्ड्यात फक्त तिसरे आणि बाहेरून ब्लोअर धुतलेले पाणी जाऊ द्या.

खड्डा बिघडतो कशामुळे?

सगळ्यात जास्त वेळा पाण्याने. मिश्रण मुठीत दाबले की गोळा व्हावा, पण बोटांतून पाणी टपकू नये. टपकत असेल आणि आंबूस किंवा सडक्या अंड्याचा वास येत असेल तर आत हवा उरलेली नाही. हवेशिवाय काडी कुजवणाऱ्या बुरशा थांबतात. पाणी बंद करा, कोपऱ्यातल्या पाईपातून तळचे पाणी उचलून टाकीत घ्या, वरचे ३० सेंटिमीटर दाताळ्याने हलवा आणि कापलेले कोरडे पाचट मिसळा.

उलट दोष मार्च ते मेमध्ये येतो. मिश्रण पूर्ण वाळले की ते पाणी शोषतच नाही. पाणी कागदाच्या कडेने खाली उतरते आणि मिश्रण कोरडेच राहते. बागेत फवारणी नसली तरी या दिवसांत आठवड्याला साधे पाणी शिंपडा.

युरिया घालू नका. पाचट लवकर कुजावे म्हणून शेतात युरिया टाकतात, ती सवय इथे नडते. भरपूर नत्र मिळाला की लिग्निन तोडणाऱ्या अनेक पांढऱ्या बुरशा ती विकरे बनवणे कमी करतात. गूळ-पाण्याचेही तसेच. सोपे खाद्य मिळाल्यावर सर्वसाधारण जिवाणू झपाट्याने वाढतात, प्राणवायू संपवतात, आणि कीडनाशक तसेच राहते. ताजे शेण घातले तर ढीग तापतो आणि अमोनियाचा वास सुटतो.

भारी काळी माती जास्त झाली तर दुसऱ्याच पावसाळ्यात मिश्रण दगडासारखे बसते. त्याला उपाय नाही, काढून पुन्हा भरावे लागते.

पांढरे धागे किंवा छत्र्या उगवल्या तर घाबरू नका, ती चांगली खूण आहे. त्या छत्र्या खायच्या मात्र नाहीत.

खड्ड्यात काय टाकू नये?

बोर्डो आणि कॉपर ऑक्सिक्लोराईडचे धुवण. तांबे हे मूलद्रव्य आहे. कोणताही जिवाणू ते फोडू शकत नाही, ते फक्त मिश्रणात साचत जाते आणि शेवटी जिवाणूंनाच मारू लागते. द्राक्षबागेत हाच सगळ्यात मोठा पेच आहे, कारण डाऊनी (केवडा) रोगासाठी तांबे वापरले जातेच. त्याची तिन्ही धुवणे बागेतच, पसरून फवारा.

डाळिंबावर तेल्या रोगासाठी मारलेल्या प्रतिजैविकांचे धुवणही नको, ती जिवाणू मारण्यासाठीच बनवलेली असतात. मुदत संपलेल्या औषधाच्या भरलेल्या बाटल्या, रिकामे डबे, डिझेल, ब्लोअरचे ऑईल यांना इथे जागा नाही.

औषध फुटल्यावर तयार होणारा पदार्थ जास्त घातक असतो का?

कधी कधी असतो, आणि हा प्रश्न फार थोडे लोक विचारतात. क्लोरपायरिफॉस फुटले की टीसीपी हे रसायन तयार होते. मूळ औषध मातीला घट्ट चिकटते, टीसीपी पाण्याबरोबर सहज सरकते. त्यात ते जिवाणूंना मारक आहे, त्यामुळे एकाच जागी जास्त साचले तर पुढचे विघटन रेंगाळते. एंडोसल्फानवर भारतात २०११ पासून बंदी आहे, पण जुन्या मातीत ते सापडते. त्याचे ऑक्सिडीकरण होऊन बनणारे सल्फेट मूळ औषधाइतकेच विषारी आणि जास्त टिकाऊ असते, तर पाण्याने फुटून बनणारे डायॉल कमी विषारी. मँकोझेबपासून ईटीयू हे रसायन बनते आणि तेही पाण्याबरोबर जाते.

म्हणूनच खाली कागद हवा आणि एकच जिवाणू न ठेवता मिश्र वस्ती हवी. एकाने अर्धवट फोडलेले दुसरा पुढे नेतो.

किती दिवसांत विघटन होते?

मातीतले ढोबळ आकडे असे. मॅलॅथिऑन निम्मे व्हायला काही दिवस पुरतात, २,४-डी ला साधारण १० दिवस, अ‍ॅट्राझिनला ६० च्या आसपास, क्लोरपायरिफॉसला एक ते चार महिने. इमिडाक्लोप्रिड आणि कार्बेन्डाझिम बरेच रेंगाळतात, अनेकदा १०० दिवसांच्या पुढे. डीडीटीला वर्षे लागतात. ६० दिवसांत निम्मे होणारे औषध सहा महिन्यांनी आठवा हिस्सा उरते. चांगल्या ओलीच्या, २० ते ३५ अंश तापमानाच्या खड्ड्यात वेग सहसा वाढतो. ऑरगॅनोफॉस्फेट औषधे आपल्या ८ च्या पुढच्या सामूच्या जमिनीत जिवाणूंशिवायही थोडी लवकर फुटतात.

वेलीवरच्या द्राक्षांतला रेसिड्यू जिवाणूंनी कमी होईल का?

या दिशेने काम झाले आहे. पुण्याजवळच्या मांजरी इथल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात द्राक्षवेलीवरूनच वेगळ्या काढलेल्या बॅसिलस सबटिलिसच्या जातींनी कार्बेन्डाझिम आणि प्रोफेनोफॉसचे विघटन वेगाने केल्याचे प्रयोगांत दिसले. तरीही निर्यातीच्या मालाला काढणीपूर्व कालावधी, म्हणजे शेवटची फवारणी आणि काढणी यांच्यातले ठरलेले दिवस, पाळणे हाच आधार आहे. बॅसिलस मारले म्हणून तो कालावधी कमी धरू नका. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या वाढरोधकाच्या अवशेषांमुळे युरोपात आपली द्राक्षे अडकली होती, तो फटका सगळ्या पट्ट्याला बसला.

विहिरीच्या पाण्यात औषध उतरले आहे. विहिरीत जिवाणू सोडावेत का?

नाही. विहिरीत त्यांना चिकटायला जागा नसते आणि इतक्या पातळ औषधावर त्यांचे पोट भरत नाही. आधी टाकी धुण्याची जागा हलवा. बोअरच्या पाईपातून औषध उलटे आत जाऊ नये म्हणून भरणीचा नळ टाकीच्या तोंडाच्या वर किमान एक वीत ठेवा, द्रावणात बुडवू नका. प्यायला दुसरे पाणी वापरा, निदान सक्रिय कोळशाचा फिल्टर लावून त्याचा कोळसा वेळेवर बदला. उकळून उपयोग होत नाही, उलट पाणी आटते आणि न उडणारे औषध घट्ट होते.

काम होते आहे हे तपासायचे कसे?

तणनाशकासाठी घरचा उपाय आहे. एका कुंडीत खड्ड्यातले मिश्रण आणि दुसरीत स्वच्छ कंपोस्ट-माती घेऊन मोहरी व काकडीचे २०-२० दाणे पेरा. १० दिवसांनी उगवण आणि मुळांची लांबी जोडीने पाहा. कीटकनाशक असे कळत नाही, त्यासाठी रेसिड्यू तपासणारी मान्यताप्राप्त प्रयोगशाळाच लागते. नमुना वरून, मधून आणि कोपऱ्यातल्या पाईपातल्या पाण्यातून वेगवेगळा घ्या. मिश्रण अर्धा किलो घेऊन अ‍ॅल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळा, पाणी गडद काचेच्या बाटलीत घ्या, आणि दोन्ही बर्फात ठेवून त्याच दिवशी पाठवा. अर्जावर मूळ औषधाबरोबर त्याच्या विघटित पदार्थांची नावेही लिहा, नाहीतर अहवालात क्लोरपायरिफॉस शून्य येते आणि टीसीपी कोणी पाहिलेलेच नसते.

मिश्रण किती वर्षे चालते?

पाचट कुजत जाईल तसा खड्डा वर्षाला १० ते २० सेंटिमीटर खचतो. दर पावसाळ्यानंतर तेवढे नवे मिश्रण वर घाला. ६ ते ८ वर्षांनी सगळे बदला, आपल्या उष्ण हवेत ५ वर्षांतच वेळ येऊ शकते. काढताना हातमोजे आणि मास्क वापरा. काढलेले मिश्रण लगेच शेतात पसरू नका. कागदावर ढीग करून, झाकून आणि ओले ठेवून वर्षभर राहू द्या. मग रेसिड्यू आणि तांबे तपासून घ्या आणि अहवाल ठीक असेल तर ऊस किंवा बांधावरच्या झाडांना पातळ पसरा, भाजीपाल्याला नको.

औषधाची बाटलीच फुटली तर?

पाणी मारू नका. कोरडी माती, लाकडाचा भुसा किंवा राख टाकून ते शोषून घ्या, खालची ५ ते १० सेंटिमीटर माती खरवडून घमेल्यात भरा. जैवखड्ड्यात टाकायचे असेल तर एका कोपऱ्यात ओतू नका, वरच्या ३० सेंटिमीटरमध्ये सगळीकडे मिसळा आणि पुढचे तीन-चार आठवडे त्यात दुसरे धुवण सोडू नका. एका लिटरपेक्षा जास्त सांडले असेल, किंवा औषध बंदी घातलेले असेल, तर ती माती जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करा, वर औषधाचे नाव लिहा आणि तालुक्याच्या कृषी अधिकाऱ्यांशी बोला.